रविवारचा माणूस

९ जानेवारी

आदरणीय काकू,

तुम्ही मला ओळखत नाही. आधी चार गोड ओळी लिहाव्यात आणि ओळख शेवटी सांगावी असं मनात आलं होतं, पण ती फसवणूक झाली असती. म्हणून सरळच सांगते. ज्या माणसाने तुमच्या मुलाच्या डोक्यात लोखंडी सळई घातली, त्याची मी बायको.

पत्र टाकून देणार असाल तर इथेच टाका. नाहीतर पुढे वाचा.

तेव्हा हे वीस वर्षांचे होते. संगत वाईट होती. चौघे कापडाच्या गोदामात चोरी करायला गेले, तिथे तुमचा मुलगा पहारेकरी होता. तिघे पळाले, ह्यांनी सळई उचलली. मी काही लपवत नाही आणि तेही लपवत नाहीत. लग्नाआधी पहिल्याच भेटीत त्यांनी हे मला सांगितलं होतं. सहा वर्षांची शिक्षा झाली, अपील केलं, तोवर जामीन मिळाला, पुढे अपील फेटाळलं. आणि मग न्यायला कोणी आलंच नाही. हे दोनदा आपल्या पायांनी तुरुंगाच्या दारात गेले. पहिल्यांदा सांगितलं, कागद आलेला नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, तुझी नोंद झालेली आहे, तू आतच आहेस, उगाच डोकं खाऊ नकोस.

तेव्हापासून अकरा वर्षं आमच्या दारामागच्या खुंटीवर एक पिशवी टांगलेली आहे. तिच्यात दोन शर्ट, टॉवेल, साबण. माणूस अंगाने भरला तसे तिच्यातले शर्ट मी दोनदा बदलले. एवढं सोडलं तर आमचा संसार चारचौघांसारखा आहे. हे फर्निचरच्या कारखान्यात सुतार आहेत, दारूच्या थेंबाला शिवत नाहीत, सारखं वाकून मान धरते म्हणून कुरकुरतात. मुलगी चौथीत आहे, गणितात कच्ची आहे.

डिसेंबरमध्ये जुना तुरुंग रिकामा करून कैदी नव्या इमारतीत हलवले. हजेरी घेतली तेव्हा नाव निघालं, माणूस निघाला नाही. मग आमच्या दारावर थाप पडली.

न्यायाधीश बाई भल्या आहेत. त्या म्हणाल्या, चूक कचेरीची आहे आणि माणूस सुधारलेला दिसतो. ज्यांचं नुकसान झालं त्यांची हरकत नसेल तर शिक्षा माफ करण्याचा विचार करू. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तारीख आहे. सोबत एक कागद पाठवते आहे. त्यावर फक्त तुमची सही हवी. आता सहा वर्षं आत टाकून कोणाचं भलं होणार आहे?

तुमच्या मुलाची तब्येत कशी आहे?

तुमची,
सुताराची बायको


१५ जानेवारी

बाई,

पत्र मिळालं. काकू म्हणू नका, मी तुमची कोणी लागत नाही.

तुमच्या पत्रात नवऱ्याची मान आली, मुलीचं गणित आलं, पिशवीतले शर्ट आले. माझ्या मुलाबद्दल एक ओळ आली, तीही जाता जाता. विचारलंच आहे तर ऐका.

त्याची मान हलते आणि डावा हात हलतो. बोलणं नाही. जेवण वाटून, चमच्याने. बावीस वर्षांचा होता तेव्हा गोदामाच्या तीन जिन्यांवरून कापडाचा गठ्ठा एकटा उतरवायचा. ती हाडं तशीच आहेत, अंगाने माझ्या दुप्पट आहे. मी वेताच्या खुर्च्या विणते, त्याच्या पलंगाला लागूनच बसते. वेत भिजवून घेतला की सुकायच्या आत ओढावा लागतो, मध्येच उठलं तर बैठक ढिली पडते. आणि हा नेमका त्याच वेळी अंथरूण ओलं करतो. माझ्या हातच्या कितीतरी खुर्च्या ढिल्या गेल्या असतील. लोक बसतात आणि कारागिराला नावं ठेवतात.

त्याला उचलून उचलून माझी पाठ गेली. आता एक परका माणूस येतो. कारखान्यातून खुर्च्यांचे सांगाडे पोचवतो, म्हणून मी त्याला खुर्चीवाला म्हणते. दर रविवारी सकाळी येतो. पोराला उचलून मोरीत नेतो, आंघोळ घालतो, दाढी करतो, नखं काढतो. सगळा वेळ त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत असतो. मग माझ्या पुढ्यात सांगाडे ठेवतो आणि जातो. पैसा घेत नाही, चहाही घेत नाही. रक्ताचा ना नात्याचा. तुमच्या सुधारलेल्या नवऱ्याला अकरा वर्षांत माझ्या घराचा रस्ता सापडला नाही, आणि या परक्याला सापडला. त्या माणसाची चप्पल पुसायचीसुद्धा तुमच्या नवऱ्याची लायकी नाही.

सुधारला म्हणता, चांगलं आहे. माझ्या मुलालाही सुधारायचं होतं. तेवढ्यासाठी डोकं जागेवर लागतं.

करावं तसं भरावं. शिक्षा ज्याची त्याने भोगावी, दुसऱ्याच्या सहीने ती सुटत नसते. कागद कोराच परत पाठवते आहे.

त्याची आई


१९ जानेवारी

काकू,

रागावलात तरी मी काकूच म्हणणार.

जे सांगणार नाही अशी शपथ मी घेतली होती ते आज सांगते. ह्यांना कळलं तर ते माझ्याशी बोलणं टाकतील, पण तुम्ही माझ्यापुढे दुसरी वाट ठेवली नाहीत.

तुमचा खुर्चीवाला म्हणजेच माझा नवरा.

मी वृद्धाश्रमात काम करते. ज्यांना आपलं आपण उठता येत नाही त्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं. लग्नाच्या आधी एकदा ह्यांनी मला विचारलं, जड माणसाला न दुखवता कसं वळवायचं? मला वाटलं माझ्या कामाची चौकशी करताहेत, मुलीवर छाप पाडायची आणखी एक रीत. मी चादरीची घडी पाठीखाली कशी सरकवायची ते दाखवलं. ह्यांनी ते दोनदा करून घेतलं. मग कधीतरी कळलं की कारखान्यातलं वेताचं काम कोणाकडे जातं ते ऐकल्यापासून सांगाडे पोचवायचं काम ह्यांनी मागून घेतलं होतं.

तुमच्याशी ते दोन शब्दांवर बोलत नाहीत, कारण जास्त बोललं तर खोटं बोलावं लागेल. पण तुमच्या मुलाशी बोलतात. रविवारी घरी आले की आम्हाला सांगतात, आज त्याने माझं बोट धरलं, आज आवाज ऐकल्याबरोबर मान वळवली. मला वाटतं तो खूश होतो, असं म्हणतात. मुलीलाही माहीत आहे की बाबांचा एक आजारी मित्र आहे.

आता कोणी कोणाची चप्पल पुसायची ते तुम्हीच ठरवा. दुसरा कागद सोबत आहे.

तुमची,
सुताराची बायको


२४ जानेवारी

मुली,

आता तुला अगं-तुगं करते. इतकी वर्षं तुझा नवरा माझ्या घरात वावरतो आहे, तुझ्याशी अहो-जाहो कशाला?

तुझं पत्र वाचून हसू आलं. तुला वाटलं, तू हुकमाचं पान टाकलंस. अगं, ते पान मी अकरा वर्षं हातात धरून बसले आहे.

निकालाच्या दिवशी मी कोर्टात शेवटच्या बाकावर होते. त्याने मान वर केली नाही म्हणून त्याला मी दिसले नाही. मला तो दिसला, पुरेपूर. पुढे पहिल्यांदा चार सांगाडे घेऊन माझ्या दारात उभा राहिला तेव्हा मी इतकंच म्हटलं, ठेवा आत. त्याच दिवशी पोर पलंगावरून सरकला होता आणि मला पेलवत नव्हता. तुझा नवरा न विचारता पुढे झाला. तेव्हाच माझ्या मनात आलं, हा बरा सापडला.

पोलिसांत का गेले नाही म्हणशील. गेले असते तर काय झालं असतं? सहा वर्षं सरकारी जेवण जेवला असता आणि बाहेर आल्यावर हिशेब मिटला म्हणून ताठ मानेने फिरला असता. माझ्याकडे हिशेब मिटत नाही. मी खुर्ची विणता विणता त्याला ऐकू जाईल असं म्हणायची, तो मेला आत सडत असेल. त्याच्या हातातला तांब्या थांबायचा. एकदा विचारलं, खुर्चीवाले, अशा माणसाला फाशीच द्यायला हवी होती, नाही का? हो म्हणाला. माझ्याकडे न बघता, साबण लावता लावता हो म्हणाला. त्या दिवशी मला झोप चांगली लागली.

आणि त्याला वाटतं, माझा पोर खूश होतो. वेडाच आहे. दारात त्याचा आवाज आला की पोर लाकडासारखा ताठ होतो. डाव्या हाताची बोटं चादर आवळतात. घशातून एक आवाज निघतो, जो बाकीचे सहा दिवस निघत नाही. डोळे दाराला चिकटतात. भीती आहे ती. डोकं विसरलं तरी अंग विसरत नाही. मी हे दर रविवारी बघते आणि दर रविवारी दार उघडते. एक तर माझी पाठ, आणि दुसरं म्हणजे आपण काय करून ठेवलं ते त्याला जवळून दिसावं. तुला हे क्रूर वाटेल. वाटू दे. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

सही मी करते. अटी सांगते त्या मोजून घे. त्याने रविवारी नाही, रोज यायचं. मी मेले की पोराला तुमच्या घरात न्यायचं, पुढच्या खोलीत ठेवायचं, जिथे तुमचे पाहुणे बसतात. आणि मला सगळं माहीत आहे हे त्याला कधी कळू द्यायचं नाही. तो चोरासारखाच येत राहिला पाहिजे.

कबूल असेल तर कळव.

त्याची आई


६ फेब्रुवारी

बाई,

काकू शब्द मागे घेते.

खरं सांगते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हो म्हणणार होते. रोज तर रोज. पुढची खोली तर पुढची खोली. आमच्याकडे पाहुणे येतात तरी किती? पण तिसरी अट माझ्या गळ्यातून उतरेना. सगळं माहीत असून त्या माणसाच्या शेजारी रोज झोपायचं, आणि तो डोळे चुकवत तुमच्याकडे जातो ते बघायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. मुलगी शाळेत गेली आणि मी तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं.

तुम्ही पहिल्यापासून ओळखलंत यावर एवढंच म्हणाले, बरं झालं, म्हणजे मी त्यांना फसवलं नाही. रोज यायचं यावर म्हणाले, जाईन. फाशीचं ऐकून तर हसले. मग पोराचा मजकूर आला, तिथे मला थांबवलं. तेवढंच परत वाच म्हणाले. मी वाचलं. मग आणखी एकदा.

म्हणजे तो घाबरत होता, म्हणाले. मी नखं काढताना त्याचा हात घट्ट धरायचो.

रात्री जेवले नाहीत. मी तुमच्या वतीने खोटं बोलले, म्हटलं, त्या बाई चिडून लिहितात, असं काही नसेल. तर म्हणाले, आई आहे ती, तिला कळणार नाही तर कोणाला कळणार? तुमच्या शब्दावर त्यांचा इतका विश्वास आहे, बघा.

तारखेला गेले ते पिशवी खुंटीवरून काढूनच. न्यायाधीश बाई म्हणाल्या, त्या घरून उत्तर येईपर्यंत थांबा, घाई करू नका. हे म्हणाले, थांबलोच होतो. मला आत पाठवा, म्हणजे त्याच्या दारात मी जाणार नाही. त्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि सही केली. सहा वर्षं. मुलगी दहावीला जाईल तेव्हा येतील.

तुम्ही कोरा परत पाठवलेला कागद मी फाडला. एका अर्थी बरंच झालं. तुरुंगाला सुटकेची तारीख असते, तुमच्याकडे नव्हती.

एक विचारते आणि थांबते. माझ्या नवऱ्याने तुमच्या मुलाला एकदा मारलं. तुम्हाला तो भीतीने ताठ झालेला दिसत होता आणि तुम्ही दार उघडत होतात, अकरा वर्षं, दर रविवारी. ह्यांना सहा वर्षं मिळाली. तुम्हाला किती द्यायची?

सुताराची बायको


१२ एप्रिल

मुली,

तुझं पत्र आलं तेव्हा चार शिव्या लिहून पाठवणार होते. लिहिल्याही होत्या. मग पुढचा रविवार आला.

मला वाटलं होतं, पोर सुटला. आता घाबरायचं कारण उरलं नाही, निवांत पडेल. सकाळी मी बादली मोरीत ठेवली. बादलीचा आवाज झाला आणि तो ताठ झाला. बोटांनी चादर धरली. घशातला तोच आवाज आला. डोळे दाराला. मी म्हटलं, येत नाही रे तो, घाबरू नकोस. जिन्यावर कोणाची तरी चाहूल लागली तेव्हा तो आवाज मोठा झाला. शेजारचा वर निघून गेला. आवाज थांबला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते दुपारपर्यंत. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. त्याला रडता येतं हेच मला माहीत नव्हतं.

त्यापुढच्या रविवारी तेच. कारखान्याने आता सांगाडे पोचवायला दुसरा माणूस दिला आहे. पैसे देऊन त्यालाच आंघोळ घालायला सांगितलं. चांगला आहे, हलक्या हाताचा आहे. पोर त्याच्या हातात ओल्या पोत्यासारखा पडून राहिला. ताठ नाही, आवाज नाही, मान वळवली नाही. घाबरला नाही, पण दुसरंही काही दिसलं नाही. तेव्हा मी पलंगाच्या कडेवर बसले.

भीती नव्हती ती. मीच आई, आणि मलाच कळलं नाही. मला भीती हवी होती म्हणून मी भीती बघितली. तुझा नवरा म्हणत होता ते खरं होतं.

आता महिना झाला, तोंड उघडत नाही. चमचा लावला की ओठ मिटून घेतो, दिवसभरात जेमतेम चार घोट पेज पोटात जाते. डॉक्टर नळी घालायची म्हणतात. रविवारी तेवढा बादली वाजली की दाराकडे बघतो. पाठीला जखम झाली आहे, माझ्याने वळवला जात नाही.

नवा कागद पाठव. सही करते, एकही अट नाही. न्यायाधीश बाईंच्या पुढे जाऊन उभी राहते, म्हणशील ते बोलते. तेवढ्याला वेळ लागणार असेल तर एक कर. तो पोराच्या कानात काय पुटपुटायचा ते त्याला विचार आणि मला कळव. मी पलंगाशेजारीच बसलेली असायची, पण कधी ऐकलं नाही. मी तेव्हा टोमणे मारण्यात गुंतलेली असायची. ते शब्द मी म्हटले तर कदाचित तोंड उघडेल.

हात जोडते. मला शिव्या दे, पण उत्तर दे.

त्याची आई


१९ एप्रिल

काकू,

आता म्हणते. आता आपण एकमेकींच्या लागतो.

तुमचं पत्र मी तीन दिवस कामाच्या झग्याच्या खिशात घेऊन फिरले. म्हाताऱ्यांना भरवताना मधूनच हात लावून बघायची, आहे ना. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. तीन दिवस तुमचा पोर उपाशी होता आणि मला बरं वाटत होतं. तुमच्याकडून शिकले म्हणा.

काल भेटीचा दिवस होता. मध्ये जाळी असते, तिच्यातून बोलावं लागतं. मी सांगितलं, तो घाबरत नव्हता, तुमची वाट बघत होता, अजून बघतो. हे जाळीला कपाळ टेकून इतके रडले की पहारेकऱ्याने जवळ येऊन विचारलं, घरी कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही, आलं.

सहीचं विचारलं. नको म्हणाले. भोगूनच येतो म्हणाले. बाहेर आल्यावर तुमच्या दारात उभं राहून आधी आपलं नाव सांगायचं आहे, मग आत यायचं आहे. मी भांडले. मुलीचं नाव काढलं. ऐकलं नाही. तुमच्या सहीचा आता कोणाला काही उपयोग नाही. ती तुम्ही जानेवारीत करायला हवी होती.

कानात काय म्हणायचे ते मी विचारलं आणि त्यांनी मला सांगितलं. अगदी साधं आहे. दोन वाक्यं. कोणालाही म्हणता आलं असतं. त्याच्या शेजारी बसून अकरा वर्षांत तुम्हालाही म्हणता आलं असतं.

ते मी तुम्हाला सांगणार नाही.

शिक्षा ज्याची त्याने भोगावी, दुसऱ्याच्या सहीने सुटत नसते, हे तुमचंच वाक्य आहे. पोराने मात्र काही केलेलं नाही, म्हणून त्याच्यापुरती सोय करते. मीच येईन. येत्या रविवारपासून, हे सुटेपर्यंत दर रविवारी. माणूस उचलायला मला कोणी शिकवायला नको, तो माझा धंदाच आहे. ह्यांना मीच शिकवलं. पाठीच्या जखमेचंही मी बघते. बाकीचे सहा दिवस तुम्ही कसं भरवायचं तेही दाखवते, तो तोंड उघडायला लागला की.

माझी अट एकच. मी आत असेपर्यंत तुम्ही खोलीत थांबायचं नाही. जिन्यात खुर्ची टाकून बसा, विणायची असेल तर विणा. दार मी आतून लावून घेईन. घशातला तो आवाज तुम्हाला बाहेर ऐकू येईल. तो कशाचा आहे ते आता तुम्हाला माहीत आहे.

नऊला येते. पाणी तापवून ठेवा.

सुताराची बायको